बोर्नव्हिल : कामगारांच्या क्लबाला मिळालेला दुसरा जन्म

आपल्याकडे फार थोड्या घरांना बोर्नव्हिटाचा डबा ठाऊक नसेल. परीक्षेच्या दिवसांत आईने पुढे केलेला दुधाचा पेला आणि रविवारची ती प्रश्नमंजूषा आठवणारे वाचक आज स्वतः आईबाप झाले आहेत. पण हे नाव एका गावाचे आहे, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या दक्षिणेला बोर्नव्हिल नावाची वसाहत आहे. बोर्नव्हिटा हे नाव तिच्यावरूनच पडले. गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनमध्ये २००८ नंतर हे पेय बाजारातून गेले, आपल्याकडे मात्र ते नांदते आहे!

बर्मिंगहॅमला जाणारे आपले लोक बहुधा बोर्नव्हिलला उतरतात ते ‘कॅडबरी वर्ल्ड’ पाहायला. मुलांसाठी १९९० मध्ये सुरू झालेले हे चॉकलेटचे प्रदर्शन पाहावे, चॉकलेट खावे आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरावे, असा सर्वसाधारण शिरस्ता. त्यात गैर काहीच नाही. पण हाताशी दोन तास अधिक असतील, तर कारखान्याकडे पाठ करून जरा चालत निघावे. चॉकलेटपेक्षा निराळी आणि जास्त दिवस पुरणारी एक गोष्ट इथे पाहायला मिळते. कंपनीने कामगारांसाठी बागेत बांधलेल्या क्लबाचे कंपनीचे दिवस पालटल्यावर काय होते, ती ही गोष्ट.

बागेतला कारखाना

बर्मिंगहॅमच्या मुख्य स्टेशनातून लोकल गाडी पकडली की दहा-बारा मिनिटांत बोर्नव्हिल येते. फलाटावर पाय ठेवताच जांभळा रंग नजरेत भरतो. कॅडबरीच्या वेष्टनाचाच तो रंग! स्टेशनाला लागून जुना कालवा आहे आणि पलीकडे लाल विटांचा कारखाना. रिचर्ड आणि जॉर्ज कॅडबरी या भावांनी १८७९ मध्ये शहराच्या मध्यातला कोंदट कारखाना बंद करून तो इथे शेतांत आणला. त्या काळच्या उद्योगपतींना हा वेडेपणा वाटला असेल. पण रेल्वे आणि कालवा दोन्ही दाराशी, जवळून बोर्न नावाचा ओढा वाहतो आणि हवा स्वच्छ. खाण्याचा पदार्थ बनवायचा तर याहून चांगली जागा कोणती?

कॅडबरी मंडळी क्वेकर पंथाची. साधी राहणी, दारूला विरोध आणि माणसामाणसांत भेद नाही, ही या पंथाची शिकवण. जॉर्ज कॅडबरी प्रौढ मजुरांच्या शाळेत शिकवायला जात आणि त्यांच्या घरी गेले की तिथली अंधारी, ओल धरलेली खोली पाहत. चांगले घर आणि मोकळी जागा मिळाल्याखेरीज नुसत्या उपदेशाने माणूस सुधारत नाही, हे त्यांना तिथे उमगले. पुढे कारखान्यालगतची १२० एकर जमीन त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली आणि तिच्यावर वसाहत उभी करायला सुरुवात केली.

वसाहतीचे नियम ऐकण्यासारखे होते. घराने आपल्या भूखंडाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त जागा व्यापायची नाही. मागे परस, परसात फळझाडे. आणि ही घरे केवळ कॅडबरीच्या कामगारांसाठी नाहीत, बाहेरचे लोकही तिथे राहू शकतील. सन १९०० मध्ये तर जॉर्ज कॅडबरींनी ३३० एकर जमीन आणि ३१३ घरे असा सगळा पसारा एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केला. तिचे नाव बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्ट. विश्वस्तपत्रात त्यांनी एक अट घातली. रस्ते आणि घरांच्या बागा सोडून किमान एक दशांश जमीन उद्याने आणि खेळाची मैदाने यांसाठी राखली पाहिजे. वाचकांनी ही अट लक्षात ठेवावी. गोष्टीत पुढे तिचे काम आहे.

खेळायला सुट्टी नव्हे, खेळ हेच काम

कारखान्याच्या समोरच पुरुष कामगारांचे मैदान आहे. त्याच्या कडेला लाकडी चौकटी आणि उतरते छप्पर असलेले जुने देखणे पॅव्हेलियन दिसते. राजा सातवा एडवर्ड याच्या राज्यारोहणानिमित्त १९०२ मध्ये कंपनीने ते कामगारांना भेट दिले. इंग्रजी चित्रपटातले क्रिकेटचे मैदान वाटावे असे ते दृश्य, पण मागे उभी असते ती चॉकलेटच्या कारखान्याची भिंत!

स्त्री कामगारांसाठी वेगळ्या बागा आणि वेगळे मैदान होते. एवढेच नव्हे, तर कारखान्याजवळच त्यांच्यासाठी पोहण्याचा बंदिस्त तलावही बांधला होता. शाळा सोडून नुकत्याच कामाला लागलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना पोहणे आणि कवायत शिकवली जाई, तीही कामाच्या वेळेत. आपल्याकडे आजही मुलीने खेळायला जायचे म्हटले की घरात चार प्रश्न उठतात. शंभर वर्षांपूर्वी मजुरांच्या या मुलींना पगारी वेळेत पाण्यात उतरवणे ही लहान गोष्ट नव्हती.

पण या चित्राला दुसरीही बाजू आहे, ती झाकून ठेवणे बरे नाही. लग्न ठरले की मुलीला नोकरी सोडावी लागे. निरोपाला मालकांकडून बायबल आणि फूल मिळे, आणि त्या दिवसापासून मैदान, तलाव आणि मैत्रिणी हे सगळे जवळपास संपे. मालक प्रेमळ होते, पण घर कसे असावे, फावल्या वेळात काय करावे आणि काय पिऊ नये हेही तेच ठरवत. बोर्नव्हिलमध्ये दारूचा गुत्ता नाही, तो आजतागायत नाही. कुणाला यात शिस्त दिसेल, कुणाला जाच. वडीलधाऱ्या मालकाच्या मायेत या दोन्ही गोष्टी असतातच.

रोहीथचे वैभव

कामगार वाढत गेले तशी कारखान्यासमोरची मैदाने अपुरी पडू लागली. तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर कंपनीने थोड्या अंतरावरची रोहीथ नावाची सुमारे ७५ एकर जमीन खेळांसाठी तयार केली. गावच्या मधल्या हिरवळीपासून ती पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. वाटेत जुनी झाडे, नीट कापलेली कुंपणे आणि घरापुढची फुले पाहत माणूस कधी पोचतो ते कळत नाही.

इथे फुटबॉल आणि हॉकीची मैदाने आखली गेली, धावण्यासाठी गवताची वाट तयार झाली. ‘बोल्स’ या खेळासाठी गुळगुळीत हिरवळी राखल्या. या खेळात जड गोळा घरंगळत एका लहान चेंडूजवळ नेऊन ठेवायचा असतो. तो दिसतो सोपा, पण तासन् तास माणसाला गुंतवून ठेवतो. मासे धरायला तळे होते आणि पुढे उघड्यावरचा पोहण्याचा तलावही झाला. या सगळ्याच्या मधोमध पॅव्हेलियन उभे राहिले. त्याची आखणी जॉर्ज कॅडबरी यांच्या सूचनेनुसार झाली होती. पण १९२२ मध्ये ते वारले, आणि जुलै १९२४ मध्ये झालेले उद्घाटन पाहायला ते राहिले नाहीत.

खाली कपडे बदलण्याच्या खोल्या आणि क्लब, दारांसमोर पसरलेली मैदाने आणि आत मेजवान्या व नाचाचे सोहळे भरतील असे मोठे दालन. शनिवारी दुपारी खेळ, संध्याकाळी चहा आणि रात्री नाच, असा सारा आठवडाभराचा शीण घालवण्याचा बेत एकाच छपराखाली होई. कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला खेळांसाठी एक पैसा मोजावा लागत नसे. कित्येक लग्ने याच दालनातल्या ओळखीतून जुळली असतील.

आपल्याशी नाते सांगणारी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जॉर्ज कॅडबरींचे जवळच सेली ओकला वुडब्रुक नावाचे घर होते. ते त्यांनी क्वेकरांच्या अभ्यासकेंद्रासाठी दिले. गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेलेले महात्मा गांधी ऑक्टोबर १९३१ मध्ये त्या घरी मुक्कामाला होते आणि त्याच्या आदल्या वर्षी रवींद्रनाथ ठाकूरही तिथे राहून गेले होते. क्वेकरांनी ती वास्तू अलीकडे, २०२३ मध्ये सोडली. चांगल्या हेतूने बांधलेल्या इमारतीलाही दर पिढीला नवा धनी शोधावा लागतो, तो असा.

क्लब ओस का पडला?

दुसऱ्या महायुद्धानंतर दिवस बदलले. कामगारांच्या दारात मोटार आली, घरात टीव्ही आला. शनिवारी कुठे जायचे हे आता कारखाना ठरवत नव्हता. यंत्रे सुधारली आणि तेवढ्याच चॉकलेटसाठी कमी हात पुरू लागले. १९६९ मध्ये कॅडबरी आणि श्वेप्स या कंपन्या एक झाल्या. मालक म्हणजे आता मैदानावर ज्याचा चेहरा दिसतो तो माणूस राहिला नाही, तो भागधारकांचा मोठा समुदाय झाला. ज्या जमाखर्चात मैदानाची हिरवळ पूर्वी ‘कामगारांचे आरोग्य’ या नावाखाली जाई, त्याच जमाखर्चात ती आता नुसता खर्च म्हणून दिसू लागली.

अशा क्लबाचे दुखणे एका दिवसात येत नाही. आधी पन्हळी तुंबतात. मग छपरातून पाणी झिरपते, तुळईचे टोक कुजते. नाचाच्या दालनाची लाकडी जमीन फुगते, म्हणून दालन बंद होते. दालन बंद म्हणून येणारी माणसे कमी होतात, आणि माणसे कमी म्हणून दुरुस्तीला पैसे मिळत नाहीत. हे चक्र फिरू लागले की कुणीतरी शहाणा उभा राहून म्हणतो, “एवढी मोठी जागा, वापर तर काहीच नाही!” आपल्याकडच्या वाचकांना हे वाक्य ओळखीचे वाटेल.

रोहीथचेही तसेच झाले. पॅव्हेलियनची रया गेली. पोहण्याचा तलाव बंद पडला. मैदानांचा काही भाग घरबांधणीत गेला, आणि जिथे उन्हाळ्यात मुलांचा गलका चाले तिथे आज लोकांची घरे आहेत. त्या घरांत राहणाऱ्यांचा यात दोष नाही. पण गेलेले मैदान परत येत नाही, एवढे खरे.

नवे रूप, नवे धनी

मग पॅव्हेलियन वाचले ते कसे? एका स्थानिक ख्रिस्ती संस्थेने ते चालवायला घेतले आणि टप्प्याटप्प्याने दुरुस्त करून पुन्हा उघडले. आज तिथे कॅफे आहे. बाळाची गाडी ढकलत येणाऱ्या आया, फुटबॉल संपवून चिखलाने माखलेली पोरे आणि एका कपावर दोन तास बसणारे आजोबा असे सगळे एकाच ठिकाणी दिसतात. दालने लग्नांना आणि समारंभांना मिळतात. बाहेरच्या उरलेल्या मैदानांवर खेळ चालू असतात.

दोन बदल मात्र मुळातले आहेत. पूर्वी हा क्लब कॅडबरीच्या माणसांचा होता. शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्याच्या कामगाराला तो बाहेरूनच पाहावा लागे. आता दार सर्वांना उघडे आहे. आणि पूर्वी तिथे फुकट मिळणाऱ्या गोष्टींना आता पैसे पडतात, कारण मागे मालकाची थैली नाही. चहाच्या प्रत्येक कपातून आणि लग्नाच्या प्रत्येक भाड्यातून छपराची पुढची दुरुस्ती निघायची असते. एक दार उघडले, एक सवलत गेली. हा सौदा वाईट म्हणता येणार नाही.

असाच दुसरा नमुना पाहायचा असेल, तर बोर्नव्हिल लेनने खाली उतरून रेल्वेपलीकडे स्टर्चली भागात जावे. तिथे १९११ मध्ये सार्वजनिक स्नानगृह आणि पोहण्याचा तलाव सुरू झाला होता. त्याची जागा कॅडबरी बंधूंनीच दिली होती. तो १९८८ मध्ये बंद पडला आणि पाव शतकाहून अधिक काळ इमारत कुलपात राहिली. पुढे नगरपालिकेने सार्वजनिक निधीतून ती दुरुस्त केली आणि २०१६ मध्ये ती वस्तीचे सांस्कृतिक केंद्र म्हणून उघडली. जिथे पाणी होते त्या दालनात आता वर्ग आणि कार्यक्रम होतात. पोहणे गेले, पण येणे-जाणे परत आले.

जीर्णोद्धार कशाला म्हणावे?

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, नूतनीकरण आणि जीर्णोद्धार. नूतनीकरण म्हणजे जुने काढून नवे लावणे. जीर्णोद्धार शब्द आपण देवळासाठी वापरतो. त्यात दगड बदलेल, कळस नवा येईल, पण पूजा खंडित होता कामा नये अशी भावना असते. खेळाच्या क्लबालाही हाच न्याय लावला पाहिजे. रंग, फरशा आणि काचेची दारे म्हणजे क्लब नव्हे. संध्याकाळी पाच वाजता तिथे कोण येते, हा क्लब.

म्हणून अशा कामाला हात घालणाऱ्यांनी क्रम उलटा लावू नये. पहिला खर्च दर्शनी भागावर न करता छपरावर आणि पाण्याच्या निचऱ्यावर करावा. मैदानाखालची चर साफ नसेल तर वर कितीही हिरवळ पेरा, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. मग मुलींसाठी कपडे बदलण्याची नीट, उजेडाची सोय करावी. जुने क्लब पुरुषांच्या हिशेबाने बांधलेले असतात आणि ही एक खोली नाही म्हणून कित्येक मुलींचा खेळ सुटतो. पायऱ्यांशेजारी उतार करावा, म्हणजे आजी-आजोबा आणि चाकांच्या खुर्चीवरची माणसे दारातून परत फिरणार नाहीत. स्वयंपाकघर चांगले ठेवावे, कारण इमारतीचे पोट तेच भरते. आणि शेवटी रंग!

या सगळ्याच्या आधी मात्र कागद लागतो. जॉर्ज कॅडबरींनी एक दशांश जमिनीची अट विश्वस्तपत्रात लिहून ठेवली. ट्रस्टच्या वसाहतीत आज जी उद्याने फिरायला मिळतात, ती त्या लिहून ठेवण्याची पुण्याई आहे. जिथे मोकळी जागा कंपनीच्या मर्जीवर उभी होती तिथे मर्जी बदलताच तिचा तुकडा गेला. माया माणसाबरोबर जाते, कागद मागे राहतो. पुढे २०१० मध्ये कॅडबरी कंपनीच क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने विकत घेतली. वसाहत मात्र विकली गेली नाही, कारण ती ११० वर्षांपूर्वीच कंपनीच्या हाताबाहेर, लोकांसाठी ठेवलेली होती.

आपल्या देशात हे चित्र पाहायचे तर जमशेदपूरला जावे. तिथला पोलादाचा कारखाना उभा राहण्यापूर्वीच, १९०२ मध्ये, जमशेटजी टाटांनी मुलाला पत्र लिहून रुंद रस्ते, सावलीची झाडे, हिरवळी आणि फुटबॉल-हॉकीसाठी ऐसपैस मैदाने राखायला बजावले होते. १९५८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते खुले झालेले तिथले जुबिली पार्क आजही लोकांनी फुललेले असते. जमशेटजींच्या जयंतीला, ३ मार्चला, तिथली रोषणाई पाहायला सारे शहर लोटते. १९९१ मध्ये उभारलेल्या जे. आर. डी. टाटा क्रीडासंकुलाला २०१७ मध्ये देशातल्या मोठ्या फुटबॉल स्पर्धेसाठी नवे रूप मिळाले, आणि कंपनीच्या खेळाडूंचे मैदान सबंध शहराचे घरचे मैदान झाले.

पण प्रत्येक गावाला टाटा मिळत नाहीत. साखर कारखान्याच्या मागचे मैदान, गिरणीची व्यायामशाळा, रेल्वेची इन्स्टिट्यूट, वीजमंडळाच्या वसाहतीतला बॅडमिंटन हॉल अशा कितीतरी जागा आपल्या आसपास आहेत. काही चालू आहेत, काहींच्या दाराला कुलूप आहे. आपल्या गावातल्या अशा जागेसमोरून पुढच्या खेपेला जाताना दोन गोष्टी विचाराव्यात. ही जमीन कोणाच्या नावावर आहे? आणि आज संध्याकाळी इथे कोण खेळते आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे येऊ लागले, की पहिल्या प्रश्नात रस घेणारी माणसे फार दूर नसतात. रोहीथच्या लोकांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलले आणि त्यांचे पॅव्हेलियन राहिले.